भडक, गडद की प्रखर?

प्रश्न असा आहे: फ्रेंच प्रतीकवादी चित्रकार ओदिलों रदों (१८४०–१९१६) याच्या फुलदाणीच्या चित्रांविषयी लिहिताना ‘भडक रंग’ म्हणावे की ‘गडद रंग’?

माझ्या मते दोन्ही नकोत, ‘प्रखर’ म्हणावे. ‘गडद’ने रंगात काळोख किती ते कळते. ‘भडक’मध्ये रंगाची शुद्धता येतेच, शिवाय तो डोळ्यांना खुपतो हा शेराही येतो. शंका असेल तर चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. गडद रंग काळपट पडेल. शुद्ध पिवळा जवळजवळ पांढरा होतो, तरी तो फिका नसतो, प्रखर असतो. शुद्ध निळा मात्र काळपट होतो, म्हणून निळ्याला सरसकट गडद म्हणायची सवय लागते.

रदोंने आधी अनेक वर्षे कोळसा आणि शिळाछाप (दगडावरून छापलेली चित्रे) यांत फक्त काळ्या रंगात काम केले. पेस्टलचे (कोरड्या रंगखडूंचे) रंग खऱ्या अर्थाने आले ते १८९०च्या दशकात. पेस्टलमध्ये रंगद्रव्य बांधून ठेवणारा डिंक अगदी कमी, त्यामुळे रंगद्रव्य जवळपास शुद्ध दिसते. (रंग कागदावर टिकावा म्हणून फवारायचे फिक्सेटिव्ह जास्त मारले की हीच झळाळी मरते.) एवढा प्रखर लाल भडक का होत नाही? तो थोड्या जागेत असतो, भोवती करडी-तपकिरी, जांभळट धूसर पार्श्वभूमी असते आणि टेबलाची कडाही बरेचदा नसते. छपाईत किंवा पडद्यावर ही धूसरता मारली जाते. ‘भडक’ लिहिणाऱ्यांनी बहुधा तेच पाहिलेले असते.

भावना सांगायला आपल्याकडे जोडशब्द आहेत. लालभडक, लालबुंद, लालचुटूक: तिन्ही लाल प्रखरच, पण पहिला अंगावर येतो, दुसऱ्यात राग किंवा रसरशीतपणा, तिसऱ्यात नाजूकपणा. रदोंच्या छोट्या लाल फुलांना लालचुटूक शोभतो. निळ्याला निळाशार चालेल, पण जिथे निळा धुरकट आहे तिथे नको. ‘शार’मध्ये स्वच्छपणा आहे.

‘निळा म्हणजे दुःख’ अशी वाक्येही टाळावीत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले ‘फुलांमधली ओफेलिया’ हे पेस्टल (सुमारे १९०५–०८) मुळात फुलदाणीचे चित्र होते. रदोंने ते आडवे केले आणि त्याच फुलांत बुडालेली ओफेलिया, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली बुडून मरणारी तरुणी, आली. रंगाला ठरलेला अर्थ असता तर हे जमले नसते. म्हणून ‘निळा दुःख दाखवतो’ऐवजी ‘या निळ्यात हुरहूर जाणवते’ असे लिहावे.