ल्युपसमधील विसराळूपणा आणि वनस्पतिजन्य कॅप्सूल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ३८ वर्षांची असून ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका कंपनीत हिशेब पाहते. सहा वर्षांपासून मला ल्युपस, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटण्याचा आजार, आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोडे प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असून सांधेदुखी व चेहऱ्यावरचे पुरळ बरेच आटोक्यात आहे. मात्र वर्षभरापासून डोके धुरकट झाल्यासारखे वाटते. जीएसटीचे विवरणपत्र भरताना एकच ओळ तीनतीनदा वाचावी लागते, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि एकदा तर संध्याकाळच्या लोकलमध्ये ऐरोली मागे पडून रबाळे आल्यावर मी भानावर आले. नणंदेच्या सांगण्यावरून चार महिन्यांपासून मी अश्वगंधा, ब्राह्मी आणि मिरीच्या अर्कासह कर्क्युमिन अशा तीन कॅप्सूल व सकाळी अनशापोटी गुळवेलीचा रस घेते. संधिवाततज्ज्ञांना हे सांगितलेले नाही, कारण ते रागावतील. हे चालू ठेवावे का?
– एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : आपल्याला होणारा त्रास खरा आहे, हे सर्वप्रथम सांगतो, कारण ‘एवढा विचार करू नकोस’ असे आपण घरीदारी पुष्कळदा ऐकले असणार. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने १९९९ मध्ये ल्युपसमुळे मेंदू व मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांचे १९ प्रकार निश्चित केले आणि स्मरण, एकाग्रता व आकलन यांतील बिघाडाला त्यांत स्वतंत्र स्थान दिले. शोग्रेन आजार (यात डोळे व तोंड कोरडे पडते), आमवात आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस (यात मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणाला इजा होते) यांच्या रुग्णांकडूनही हीच तक्रार ऐकू येते.

परंतु ही तक्रार एक असली तरी तिच्यामागची कारणे अनेक असतात, आणि कोणतीही कॅप्सूल सुरू करण्याआधी ती शोधणे अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. आजार आतून पुन्हा सक्रिय झाला असेल, तर सांधे शांत असतानाही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. काही रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतात. त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या बंद पडून विसराळूपणा येऊ शकतो. प्रेडनिसोलोनने झोप उडते आणि मन अस्थिर होते. त्याशिवाय रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप आणि नैराश्य ही कारणे आहेतच. ल्युपसच्या रुग्णांत थायरॉइडवर प्रतिकारशक्ती उलटण्याचा (स्वप्रतिकार) आजारही बऱ्याचदा जोडीने आढळतो, आणि आपण शाकाहारी असाल तर बी-१२ची तपासणी मी अजिबात टाळणार नाही. यांपैकी बहुतेक कारणांवर चांगले उपचार आहेत. कारण न शोधता चार महिने कॅप्सूल घेण्यात गेले, याचे मला अधिक वाईट वाटते.

आता आपल्या चार गोष्टींकडे वळू. गुळवेलीचा रस आजच बंद करावा. गुळवेल रोगप्रतिकारशक्ती चेतवते, म्हणूनच करोनाच्या काळात ती घरोघरी पोहोचली. पण ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच शरीरावर उलटलेली असते, तिला आणखी चेतवण्यात आपले हित नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ती इजा स्वप्रतिकार यकृतदाहासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखण्यातील चूक काही रुग्णांच्या बाबतीत झालीही असेल, पण बाटलीतील रस कोणत्या वेलीचा आहे हे आपल्याला घरी तपासता येत नाही. तेव्हा ल्युपसच्या रुग्णाने हा धोका पत्करू नये.

अश्वगंधेबाबतही माझा सल्ला थांबवण्याचाच आहे. तीही प्रतिकारशक्ती चेतवू शकते आणि तिच्यामुळे थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळी वाढू शकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत, थायरॉइडची क्रिया किंचित मंद असलेल्या ५० व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क देण्यात आला, तेव्हा त्यांच्या संप्रेरकांत स्पष्ट बदल दिसला. ज्या रुग्णाच्या विसराळूपणाचे कारण थायरॉइडमध्ये असू शकते, तिने तपासणीआधी अशी वनस्पती घेतली, तर अहवालाचा अर्थ लावताना डॉक्टरांची दिशाभूल होते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हिच्याही नावावर आहेत, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने पूरक आहारात तिच्या वापरावर बंदी घातली.

कर्क्युमिनविषयी वाचकांचा सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमटीभाजीतील हळदीला माझा काहीही आक्षेप नाही. वाशीच्या मसाला बाजारातून येणाऱ्या हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये १५ ग्रॅमहून अधिक हळदीचा ऐवज असतो. फोडणीत घालतो ती चिमूटभर हळद त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय कर्क्युमिन आतड्यांतून रक्तात फारच कमी शोषले जाते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले, तर त्याचे शोषण वीसपट वाढते, आणि तेव्हापासून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालण्याची प्रथा पडली. परंतु पायपरिन हे शोषण वाढवते ते यकृत व आतड्यांतील विघटनाची क्रिया मंदावून, आणि त्याच क्रियेतून आपली इतर औषधेही जात असल्याने त्यांची रक्तातील पातळी बदलू शकते. अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला झालेल्या इजेच्या ज्या नोंदी अलीकडे झाल्या, त्यांतील काही कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क होता. ल्युपसमधील स्मरणशक्ती कर्क्युमिनने सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, तेव्हा हा धोका पत्करण्याचे कारणही उरत नाही.

ब्राह्मीचे चित्र तुलनेने सौम्य आहे. रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेतल्यावर निरोगी व्यक्तींच्या स्मरणाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसल्याचे लहान अभ्यास आहेत. मात्र ल्युपसमधील विसराळूपणाचे कारण वेगळे असल्याने ते निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मळमळ आणि जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास. तपासण्या होईपर्यंत तीही थांबवावी आणि नंतर घ्यायचीच असेल तर संधिवाततज्ज्ञांना विचारून घ्यावी.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. चारही बाटल्या टेबलावर घेऊन त्यांची मागची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचा. एखादीवर ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन’ असे छापलेले दिसेल, तर एखादीवर पूरक आहार म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असा इशारा असेल. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत, आणि कोणत्याही परवान्याचा अर्थ ल्युपसच्या रुग्णांवर चाचणी झाली असा होत नाही. नुसते वनस्पतींचे नाव आणि ‘मिश्रण’ एवढेच लिहिलेले असेल, अर्काचे प्रमाण नसेल, तर ती बाटली परत कपाटात ठेवू नका. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे शरीरात साठले की रक्तक्षय होतो आणि स्मरणशक्ती मंदावते, म्हणजे ज्या तक्रारीसाठी कॅप्सूल घ्यावी तीच तक्रार ती वाढवू शकते.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना या सर्व बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा. ते रागावतील ही भीती सोडून द्यावी. रुग्णाने काय घेतले हे कळल्याने डॉक्टरांचे काम सोपेच होते. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, यकृताची एसजीपीटी, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, ल्युपसची सक्रियता दाखवणारी रक्तातील सी-३ व सी-४ प्रथिने आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे या तपासण्यांविषयी त्यांना विचारा, आणि गरज वाटल्यास ते स्मरणशक्तीची लेखी चाचणी किंवा एमआरआय सुचवतील. मात्र प्रेडनिसोलोन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन स्वतःहून बंद करू नका. प्रेडनिसोलोन अचानक सोडणे जिवावर बेतू शकते. तोवर हिशेबाचे अवघड काम सकाळच्या ताज्या वेळेत करावे, एका वेळी एकच काम हाती घ्यावे आणि रोज अर्धा तास चालावे. अचानक बोलणे अडखळले, हातापायांतील शक्ती गेली, झटका आला किंवा तीव्र डोकेदुखीसह गोंधळल्यासारखे झाले, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या यजमानांना मल्टिपल स्क्लेरॉसिस असून विसरण्याचा त्रास आहे. परदेशातील भाच्याने जिंको बिलोबाच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या आणि अल्फाल्फाची (लसूणघासाची) भुकटी पाठवली आहे. यजमान रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅस्पिरिनही घेतात. द्यावे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जिंको देऊ नये. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांवरच त्याची नीट चाचणी झाली असून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार रोज दोनदा १२० मिलिग्रॅम घेऊनही १२ आठवड्यांत स्मरणशक्ती सुधारली नाही. त्याआधी २००८ मध्ये ३,०६९ वृद्धांवरील मोठ्या चाचणीतही ते स्मृतिभ्रंश टाळू शकले नव्हते. लाभ नसताना अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. अल्फाल्फाच्या बियांत आणि कोंबांत कॅनॅव्हॅनिन नावाचे अमिनो आम्ल असते. ते खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससारखा आजार उद्भवल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तेव्हा आपले यजमान आणि वर प्रश्न विचारणाऱ्या भगिनी, दोघांनीही ती भुकटी घेऊ नये. भाच्याला मदत करायचीच असेल, तर यजमानांचे एमआरआयचे जुने अहवाल नीट लावून देण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. मज्जासंस्थातज्ज्ञांना तुलनेसाठी ते लागतील.