जुन्या घरातील सागवानी चौकटी आणि खांब तसेच ठेवायचे असतील, तर भिंतींना कोणता रंग द्यावा?

आपल्या आजोबांच्या घरातील सागवानी चौकटी, खांब आणि कडीपाट (तुळया व फळ्यांचे छत) न रंगवता तसेच ठेवायचे आहेत आणि 'लाकडाला क्रीमच शोभतो' असे आपला रंगारी सांगतो, ते खरे का, असे आपण विचारले आहे. ते खरे नाही. क्रीम, बिस्किटी आणि फिकट पीच या रंगांनी जुन्या सागवानाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे वाळवीनेही केले नसेल. हे मी आमच्या वाईच्या घरात पाहिले आहे, म्हणून लिहीत आहे.

२०११ साली पुतणीच्या लग्नाआधी घर रंगवायचे ठरले. माझे म्हणणे चुन्याचा हात द्यावा असे होते. दादांनी मात्र रात्री ट्यूबलाइटखाली शेडकार्ड पाहून बिस्किटी प्लास्टिक पेंट निवडला, आणि ते थोरले भाऊ असल्यामुळे तोच लागला. काम संपले तेव्हा सोप्यातील, म्हणजे पुढच्या ओसरीतील, सहाही खांब जणू भिंतीत विरून गेले होते. जुने सागवान मुळात पिवळसर तपकिरी असते. भिंतही त्याच कुळातील रंगाची झाली की लाकडाची कड कोठे संपते हे डोळ्याला कळत नाही आणि दोन्ही मळकट दिसू लागतात. दादांनी मात्र याचा दोष लाकडाला दिला. "या खांबांमुळेच घर अंधारते," असे म्हणून त्यांनी खांबाखालच्या तळखड्यापासून वरच्या आधारांपर्यंत, म्हणजे हस्तांपर्यंत, सगळ्या लाकडाला चॉकलेटी ऑइलपेंट लावून घेतला. त्यावरून आमच्यात जो वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

दोन पावसाळ्यांनंतर भिंतीतील देवळीच्या, म्हणजे कोनाड्याच्या, खाली रंगाला फुगे आले. चुन्याची जुनी भिंत जमिनीतील ओल शोषते आणि हवेत सोडते. वरून प्लास्टिक पेंटचा पापुद्रा बसला की ती ओल आत कोंडते आणि रंग सुटतो. सुटलेला पापुद्रा मी चमच्याच्या कडेने हळूहळू खरवडला. बिस्किटी रंगाखाली पिस्ता डिस्टेंपर निघाला, त्याखाली पिवळ्या मातीचा हात आणि सर्वांत खाली नीळ घातलेला चुना. तळहाताएवढ्या जागेत घराचे चार रंग एकाखाली एक दिसत होते.

तेव्हा मला दिंडी दरवाजाच्या आडव्या लाकडी अडसराची आठवण झाली. तो भिंतीतील खोबणीत राहत असल्यामुळे ऑइलपेंटमधून वाचला होता. मी तो बाहेर ओढला, ओल्या फडक्याने पुसला आणि दुपारी चारच्या उजेडात एकेका थराशेजारी धरून पाहिला. बिस्किटी रंगाशेजारी तो जुन्या खोक्याच्या फळीसारखा दिसला. पिवळ्या मातीशेजारी त्याला ऊब आली. निळीच्या चुन्याशेजारी मात्र त्यातील तांबूस झाक उठून आली आणि रेषा न् रेषा मोजता येऊ लागली. निळा आणि नारिंगी हे एकमेकांचे विरोधी रंग असल्यामुळे असे होते. आमच्या पणजोबांनी हे कोणत्याही शेडकार्डावाचून जाणले होते.

आपणही हेच करावे. घरातील न रंगवलेला एखादा लाकडी तुकडा शोधून भिंतीवर दोन-दोन फुटांचे तीन नमुने काढावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री घरातील दिवे लावून ते पाहावेत. चुना ओला असताना गडद दिसतो, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. माझी पसंती विचाराल तर चिमूटभर निळीचा चुना, नाहीतर राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा. चकचकीत रंग घेऊ नये, कारण पॉलिशची चमक लाकडालाच शोभते.

२०१८ साली मी स्वतःच्या खर्चाने सोप्याच्या भिंतींवरील प्लास्टिक पेंट काढून निळीचा चुना दिला, खांब खरवडले आणि त्यांना जवसाचे तेल लावले. सोपा उजळला. नव्या दिव्यांमुळे तो उजळला असे दादा आजही सांगतात, परंतु दिवा एकही बदललेला नाही.

काही गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. लाकूड शिसवी असेल तर ते आधीच गडद असते. त्याशेजारी पिवळ्या मातीचा उबदार हात निळीपेक्षा बरा दिसतो. खोलीत उजेड उत्तरेकडूनच येत असेल तर निळीचे प्रमाण निम्मे करावे, नाहीतर खोली थंड वाटते. भिंतीवर आधीच प्लास्टिक पेंट असेल तर त्यावर चुना धरणार नाही. तो थर आधी पूर्ण काढावा लागतो. आणि लाकडावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून आणि लहान मुलांना दूर ठेवूनच खरवडावे. मी पहिला खांब कोरडाच घासला होता, ती चूक आपण करू नये.

दादांच्या खोलीत अजून बिस्किटी रंग आहे. तिची चौकट मी अद्याप खरवडलेली नाही, कारण त्यांची परवानगी मिळालेली नाही. अडसर मात्र मी त्यांच्या दाराशी टेकवून ठेवला आहे.