पहिली रीजन्सी प्रेमकथा लिहिताना

बदफैली नायक नायिकेच्या प्रेमात सुधारतो, पण तिला त्याच्याशी लग्न करायची भीती वाटते, हे तुमचं कथाबीज छान आहे, लिहायला घ्याच. रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधला १८११ ते १८२० चा काळ. फक्त नायक आधी खरोखर बिघडलेला दाखवा. नवे लेखक इथेच कचरतात. दोन पेले दारू आणि पत्त्यांचा एक डाव म्हणजे बदफैलीपणा नव्हे! आणि तो तिच्या एका कटाक्षाने सुधारायला नको. जुनी देणी फेडताना त्याला काहीतरी गमावू दे.

नायिकेची भीती मात्र नीट समजून घ्या. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न होताच बायकोची रोकड नवऱ्याची होई. आधी करार केला असेल तरच बचाव. आता जुगारी नवरा कल्पून बघा.

नेहमीच्या दोन चुका:
- २१ वर्षांखालच्या नायिकेचं वडिलांच्या संमतीविना लंडनमध्ये परवान्याने लग्न. तसं तिथे चालत नसे, म्हणून अशी जोडपी स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळत.
- दोघांचे संवाद आजच्यासारखे मोकळेढाकळे.

पोशाख, पदव्या वगैरे दुसऱ्या खर्ड्यात बघू.