'न्यूटाइप'ला 'नवप्रकार' म्हणावं का?

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या एकाने विचारलंय: "'न्यूटाइप'ला मराठीत 'नवप्रकार' चालेल का? नवं नाव तर नुसत्या 'टाइप'नेही देता येतं, मग दोन शब्द कशाला? आणि ही नावं देवनागरीत देता येतील?"

'टाइप' आणि 'न्यूटाइप' हे हॅस्केलमध्ये मूल्यांच्या प्रकारांना (पूर्णांक, मजकूर वगैरे) नवं नाव देण्याचे दोन शब्द. 'नवप्रकार' चुकीचा नाही, पण तो नवेपणावर बोट ठेवतो. मुद्दा वेगळेपणाचा आहे.

'टाइप' वापरून रुपये आणि पैसे ही पूर्णांकाची दोन नावं केली, तर ते निव्वळ 'उर्फ' झालं. ५ रुपयांत ५० पैसे मिळवले की उत्तर ५५, आणि कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) हूं की चूं करत नाही. तेच दोन्ही 'न्यूटाइप' करा, बेरीज जागीच अडते. आत पूर्णांकच असतो. प्रोग्रॅम चालताना वरचं वेष्टन उरतही नाही. भेद पाळतो तो कंपायलर.

शाळेच्या बीजगणितात याला नेमका शब्द आहे: विजातीय, म्हणजे एकमेकांत मिळवता न येणारी पदं. म्हणून टाइप जुळत नाही तिथे मी 'विजातीय' म्हणतो, 'टाइप'ला 'उर्फ' आणि 'न्यूटाइप'ला 'वेगळा प्रकार'. नुसतं 'जात' सुटसुटीत आहे, आंब्याची असते तशी, पण "याची जात काय?" हे ऑफिसात मोठ्यानं विचारवत नाही.

आता गंमत. न्यूटाइप केल्यावर रुपयांत रुपयेही मिळवता येत नाहीत. त्यासाठी 'नम' या क्लासचं (संख्यांवरच्या क्रियांच्या यादीचं) इन्स्टन्स लिहायचं, म्हणजे त्या क्रिया रुपयांवर कशा करायच्या ते सांगायचं. पण 'नम' बेरजेवर थांबत नाही, गुणाकारही मागतो. रुपये गुणिले रुपये म्हणजे काय, चौरस रुपये? शिवाय त्यातलं 'फ्रॉमइंटिजर' (पूर्णांकापासून तो प्रकार बनवणारं फंक्शन) लिहिलं की कोडमधला उघडा ५ संदर्भ पाहून गुपचूप रुपये होतो. मराठीत 'पाच' हे संख्याविशेषण, दुकानात नुसतं "पाच द्या" म्हटलं तर "पाच काय?" असा प्रश्न येतो. तो प्रश्न विचारला जावा म्हणून तर न्यूटाइप केला होता! रकमेसाठी मी 'नम' टाळतो. बेरजेपुरता 'सेमिग्रुप' हा दोन मूल्यं जोडण्याची एकच क्रिया मागणारा क्लास पुरतो.

देवनागरीचं म्हणाल तर अडचण आहे. हॅस्केलमध्ये प्रकाराचं नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, आणि आपल्या 'र'ला कॅपिटल नाही. सुरुवातीला रोमनसारख्या लिपीतलं कॅपिटल अक्षर घ्यावंच लागेल.