सागाच्या शेंड्यांवरचा वारा

प्रश्न : देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. आमची जमीनही उंचावर आहे, पण तिन्ही बाजूंना २० मीटर उंचीचा साग आहे. चक्कीचा मनोरा १०० मीटरचा असेल, तर झाडांनी काय बिघडणार?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बरेच बिघडते. दाट जंगलावरून वाहताना वाऱ्याला जमीनच वर आल्यासारखी होते. ही उचल झाडांच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश धरतात. म्हणजे तुमच्याकडे १३ मीटर, आणि वाऱ्याच्या लेखी मनोरा ८७ मीटरचाच. एवढे नुकसान मनोरा वाढवून भरून काढता येते. खरे दुखणे पुढे आहे.

पाते ६० मीटरचे धरा. त्याचे टोक खाली ४० मीटरवर येते, वर १६० मीटरवर जाते. मोकळ्या शेतावर वरचा वारा खालच्यापेक्षा सुमारे २० टक्के जोरदार असतो. सागावर ढोबळ हिशोबानेही हा फरक ६० टक्क्यांच्या पुढे जातो. पात्याला दर फेरीत हा हेलकावा सोसावा लागतो. वर शेंड्यांवरून सुटलेले भोवरे आहेतच. पात्याचे मूळ, मुख्य बेअरिंग आणि चक्की वाऱ्याकडे वळवणारी दातेरी चकती आधी थकतात. म्हणून यंत्र निवडताना त्याचा टर्ब्युलन्स वर्ग, म्हणजे वाऱ्याच्या वेगातला किती चढउतार सोसायला ते बनवले आहे, पाहाच : सेकंदाला १५ मीटर वाऱ्यात ‘ए’ वर्ग सरासरी वेगाच्या १६ टक्के चढउतार धरतो, ‘बी’ १४, ‘सी’ १२. जंगलाशेजारी ‘सी’चा विचारही करू नका.

मोजणीत सर्वांत मोठी चूक होते. ५० मीटरवर वारा मोजून मोकळ्या रानाच्या सूत्राने १०० मीटरचा आकडा काढला, तर तो फसवा निघतो. आणि वेग १० टक्के चुकला की वाऱ्यातली शक्ती २७ ते ३३ टक्के चुकते. मोजणीचा मनोरा निदान ६७ मीटरचा हवा, शक्यतो चक्कीइतकाच. मोजणी पूर्ण वर्षभर करा : उन्हाळ्यात साग उघडा असतो, आणि पावसाळ्यात, माळव्यात वारा ऐन जोरात असताना, तो पानांनी भरलेला असतो.

प्रश्न : चक्कीभोवतीची झाडे काढली तर?

उत्तर : एक-दोन एकर मोकळे करून उपयोग नाही. जमिनीवरचा बदल वर चढायला उंचीच्या साधारण दहापट अंतर लागते, म्हणजे १०० मीटरसाठी किलोमीटरभर. त्यापेक्षा साग नेमका कोणत्या बाजूंना आहे ते तपासा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो; तीच बाजू मोकळी असेल, तर वरची निम्मी चिंता सोडा.