अभिनयासाठी नोकरी सोडण्यापूर्वीचा हिशेब

प्रश्न : मी २९ वर्षांची असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षे दोन महिने टेस्टिंगचे काम करते. दरमहा ७२,००० रुपये हातात येतात, त्यात मूळ वेतन ३५,००० आहे. ४.५ लाखांच्या मुदत ठेवी, इक्विटी म्युच्युअल फंडांत ६.२ लाख आणि भविष्य निर्वाह निधीत सुमारे ५.५ लाख आहेत. कर्ज नाही. सांगलीला आई-वडिलांना दरमहा १०,००० पाठवते. वडिलांना मधुमेह आहे आणि दोघांचाही आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत काम केले, आता एका प्रायोगिक नाट्यसंस्थेत अधूनमधून प्रयोग करते. मुंबईतील एका खासगी संस्थेच्या एक वर्षाच्या पूर्णवेळ अभिनय अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. फी ६ लाख असून जागा राखण्यासाठी ५०,००० रुपये महिनाअखेर भरायचे आहेत, ते परत मिळणार नाहीत. फंड मोडून, राजीनामा देऊन जावे का? तिशी ओलांडल्यावर उशीर होईल, अशी भीती वाटते.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत. अभिनय गंभीरपणे शिकणे हा एक आणि नियमित पगार सोडणे हा दुसरा. पहिला निर्णय आजच घ्यावा, दुसरा साधारण दीड वर्षाने घ्यावा आणि ५०,००० रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचा हिशेब मांडतो.

मुंबईत दोघीतिघींत मिळून घर घेतले तरी भाड्याचे १६,००० धरा. जेवण, लोकल, रिक्षा, फोन यांचे १५,००० धरा. आई-वडिलांचे १०,०००, तिघांच्या आरोग्य विम्याचे महिन्याला ४,००० आणि छायाचित्रे, ऑडिशनच्या चित्रफिती वगैरेंचे २,००० मिळवले की खर्च ४७,००० होतो. यात चैनीचा एक रुपयाही नाही. तुमच्या ठेवी आणि फंड मिळून १०.७ लाख होतात. आज राजीनामा दिलात तर सहा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, सुमारे १.२ लाख मिळेल, म्हणजे एकूण ११.९ लाख. त्यातून फीचे ६ लाख गेले की ५.९ लाख उरतात आणि बारा महिन्यांचा खर्च ५.६४ लाख होतो. अभ्यासक्रम संपेल त्या दिवशी तुमच्याकडे २६,००० रुपये शिल्लक असतील. खरे काम शोधायला जेव्हा सुरुवात होते, नेमक्या त्याच दिवशी पैसे संपतात. वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले तर काय, याची तरतूद तर या हिशेबात नाहीच.

नटाच्या व्यवसायात सर्वांत महाग असतो तो काम नसतानाचा काळ. शिक्षण संपल्यानंतरचे पहिले दीड-दोन वर्ष ऑडिशन देणे, नकार पचवणे, एक-दोन दिवसांची छोटी कामे करणे आणि केलेल्या कामाच्या पैशांची वाट पाहणे यात जाते. मालिकांच्या क्षेत्रात मानधन सर्वसाधारणपणे ९० दिवसांनी हाती येते, त्यामुळे पहिले काम मिळाले तरी त्या महिन्याचे भाडे जुन्या शिलकीतूनच द्यावे लागते. ज्याच्याकडे भाडे भरायला पैसे नसतात तो त्या काळात मिळेल ते आणि मिळेल त्या अटींवर स्वीकारतो किंवा परत जातो. एका कुटुंबाने आईचे दागिने मोडून मुलाची अशीच फी भरली होती. ते माझ्याकडे आले तेव्हा शिक्षण पूर्ण झाले होते, मुलाचे कामही चांगले होते, फक्त त्याच्याकडे मुंबईत थांबायला सहा महिनेसुद्धा उरले नव्हते. ती वेळ तुमच्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता शिकण्याविषयी. तुम्ही पुण्यात राहता, ही या हिशेबातील मोठी जमा बाजू आहे. ज्या शहरात भरत नाट्य मंदिर आणि सुदर्शन रंगमंच संध्याकाळी सहज गाठता येतात, तिथे दीड वर्षात पायाभूत कौशल्याचे बरेचसे काम नोकरी सांभाळून होऊ शकते. तुम्ही प्रयोग ‘अधूनमधून’ करता, ते आधी नियमित करा. राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा दीर्घ तालमीच्या नाटकासाठी वर्षातून किमान दोन संहिता अशा घ्या, की ज्यांत दोन-अडीच महिने रोज तालीम असेल. एकच प्रवेश चाळीस वेळा करताना श्वास कुठे तुटतो, समोरच्याचे वाक्य ऐकण्याऐवजी आपण आपल्या वाक्याची वाट कशी पाहतो, हे जे कळते ते व्याख्यानातून कळत नाही. रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने वाचन करा. एक दिवस ललित गद्य, एक दिवस कविता, एक दिवस वर्तमानपत्र, आणि ध्वनिमुद्रण करून परत ऐका. तुमच्या बोलण्यातील सांगलीकडची लय पुसून टाकू नका, ती तुमची जमेची बाजू आहे. मात्र तिच्याशिवायही बोलता यावे, इतका ताबा हवा.

रंगमंचाची सवय असलेल्या नटाला कॅमेरा वेगळा शिकावा लागतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे हावभाव जवळच्या चित्रचौकटीत अतिरंजित दिसतात. तोच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा करताना पेला कोणत्या वाक्याला उचलला होता, हे लक्षात ठेवावे लागते आणि ठरलेल्या खुणेवर खाली न पाहता थांबावे लागते. यासाठी दर रविवारी फोन तिवईवर लावून, साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात दोन मिनिटांचा एक प्रसंग चित्रित करा आणि आठवड्याने तटस्थपणे पाहा. वर्षभरात अशा पन्नास चित्रफिती होतील. आजकाल ऑडिशनची पहिली फेरी बहुधा अशाच चित्रफितीवर होते, त्यामुळे हा सराव थेट कामी येतो.

शिक्षणसंस्थेतच शिकायचे असेल तर आधी सार्वजनिक संस्था तपासाव्यात. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट अभिनयाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबर काही आठवड्यांचे लघु अभ्यासक्रमही घेत आली आहे आणि ते साठवलेल्या रजेत बसू शकतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राची पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर विद्यार्थ्यांना तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळते. या प्रवेशांसाठी मोठी स्पर्धा असते आणि काही ठिकाणी वयाची अट असते, म्हणून अटी या महिन्यातच पाहून घ्या. खासगी संस्थेला मात्र दोन प्रश्न लेखी विचारा : मध्येच सोडल्यास फी किती परत मिळेल आणि गेल्या तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज काय काम करत आहेत? भिंतीवर लावलेल्या दोन यशस्वी चेहऱ्यांपेक्षा उरलेल्या विद्यार्थ्यांची माहिती तुम्हाला अधिक उपयोगाची आहे.

पुण्यातच दोन डॉक्टरांनी हा प्रश्न दोन वेगळ्या रीतींनी सोडवला. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू वैद्यकी सांभाळून अनेक वर्षे रंगभूमीवर काम करत होते आणि १९६९ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारतज्ज्ञाचा व्यवसाय आणि अध्यापन सांभाळत नाटक व चित्रपट केले. या उदाहरणांनी हुरळून जाऊ नये, कारण ज्यांना हे साधले नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. तरीही पगार सुरू असताना कला खोटी ठरत नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

तुमच्या पत्रातील खरी धोक्याची जागा मला विम्यात दिसते. राजीनाम्याबरोबर ग्रुप पॉलिसीचे संरक्षण संपेल आणि त्यानंतर वडिलांसाठी नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी लागू शकतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही. म्हणून तिघांचाही स्वतंत्र विमा याच महिन्यात, नोकरीत असतानाच घ्या आणि अर्जात मधुमेह स्पष्ट नमूद करा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर केल्यास ग्रुप पॉलिसीतील काळ धरला जातो का, हेही लेखी विचारा. दीड वर्षाने तुम्ही बाहेर पडाल तेव्हा प्रतीक्षेचा निम्मा काळ उलटलेला असेल.

दीड वर्षाच्या नियोजनात दरमहा ३०,००० बाजूला काढा. १८ महिन्यांचे ५.४ लाख होतात. त्यातून प्रशिक्षणासाठी १.२ लाख आणि विम्याच्या हप्त्यांसाठी सुमारे ७५,००० खर्च करा, म्हणजे ३.४५ लाख उरतील. तोवर सेवा सात वर्षे आठ महिन्यांची होईल. सहा महिन्यांहून अधिकचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने ग्रॅच्युइटी आठ वर्षांची, सुमारे १.६ लाख मिळेल. व्याज व वाढ न धरताही आजच्या १०.७ लाखांसह एकूण १५.७५ लाख होतात. त्यातील ३ लाख आई-वडिलांच्या अडचणीसाठी वेगळे ठेवले तरी १२.७५ लाख उरतात. ४७,००० च्या खर्चाने ते सत्तावीस महिने पुरतील. एका बाजूला बारा महिने आणि रिकामे खाते, दुसऱ्या बाजूला सव्वादोन वर्षे आणि शाबूत आपत्कालीन निधी, असा हा फरक आहे.

ही रक्कम दोन-तीन वर्षांत खर्च होणार असल्यामुळे ती इक्विटीत ठेवू नये. नवी बचत आवर्ती ठेवीत किंवा लिक्विड फंडात जाऊ द्या. जुने इक्विटी फंड दोन आर्थिक वर्षांत विभागून काढा, कारण वर्षभरापेक्षा जुन्या गुंतवणुकीवरील नफा एका आर्थिक वर्षात १.२५ लाखांपर्यंत करमुक्त असून पुढील रकमेवर १२.५ टक्के कर लागतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका, तो तुमच्या म्हातारपणाचा आहे.

जाहिरात, डबिंग, ऑडिओबुक वाचन अशी छोटी मानधनाची कामे आत्ताच घ्यायला हरकत नाही, पण नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला मनाई आहे का हे वाचा आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या. मानधनातून १० टक्के करकपात होऊ शकते. विवरणपत्र भरल्यास देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मिळते. वर्षाची जमा ठरावीक मर्यादेत असेल तर चित्रपट कलाकाराला तिच्यातील ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोपी पद्धतही उपलब्ध आहे. भूमिका देण्यासाठी ‘नोंदणी’ किंवा ‘समन्वय’ या नावाने कोणी पैसे मागितले तर तिथून उठून या. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, घेत नाही.

तिशीची भीती मी खोटी ठरवणार नाही. मालिकांत नायिकेसाठी तरुण चेहरे शोधले जातात आणि दीड वर्ष थांबण्याची ती खरी किंमत आहे. परंतु वहिनी, वकील, डॉक्टर, शिक्षिका, आई अशा भूमिकांना, जाहिरातींना, वेब मालिकांना आणि नाटकाला तिशीतल्या नटी लागतातच, आणि त्या टिकतात त्या तयारीवर. तरीही ओढ अनावर झाली तर राजीनाम्याआधी कंपनीकडे सहा महिन्यांची विनावेतन रजा मागून पाहा. परतीचा रस्ता त्यामुळे उघडा राहील.

अठरा महिन्यांनी स्वतःची परीक्षा घ्या. एकदा काम दिलेल्या दिग्दर्शकाने तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावले का? पाठवलेल्या चित्रफितींपैकी काहींवर पुढच्या फेरीचे बोलावणे आले का? अनोळखी माणसाने तुम्हाला कामाचे पैसे दिले का? यांतील दोन उत्तरे होकारार्थी असतील तर निःशंकपणे राजीनामा द्या. एकही नसेल तर आणखी वर्षभर नोकरी आणि तालीम दोन्ही चालू ठेवा.

तूर्त ग्रुप पॉलिसीत वडिलांचे नाव कोणत्या तारखेपासून आहे आणि त्यांच्या मधुमेहाची नोंद तिथे आहे का, एवढे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घेऊन मला कळवा. त्यावरून विम्याची नेमकी रक्कम सुचवता येईल.