इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगमुळे वीज ग्रिड कोलमडेल का?

ग्रिडला काही होत नाही. जाते ती डीपी, म्हणजे सोसायटीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, आणि बोल लागतो गाडीवाल्याला. सबस्टेशनवर ३१ वर्षं शिफ्ट केल्यात म्हणून बोलतोय. आणि गेल्या मे महिन्यात आमच्याच सोसायटीने मला आरोपी केलं, म्हणूनही.

रात्री पावणेदहाला डीपीचा फ्यूज उडाला. घरोघरी एसी चालू, त्यात आम्हा तिघांच्या गाड्या चार्जिंगला. सेक्रेटरी बनियनवरच खाली आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, तुमच्या गाडीपायी लहान पोरं उकाड्यात बसलीत."

वायरमन फ्यूज बांधून गेला. दुसऱ्या रात्री त्याच वेळी त्याला बोलावून टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला करंट मोजणारा चिमटा, लावायला लावला. डीपीतून वीज तीन तारांनी येते, त्या आर, वाय, बी फेज. आर फेज ३१० अँपिअर, वाय १८०, बी १६०. डीपी २०० केव्हीएची, एका फेजला पावणेतीनशेच्या आसपास पेलणारी. पार्किंगचं काम करणाऱ्या ठेकेदाराने तिन्ही चार्जर एकाच फेजवर टाकले होते, केबल जवळ पडते म्हणून! सात किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो, म्हणजे दीड टनाचे चार-पाच एसी. लोड लहान नाही, मान्य. पण दोन चार्जर उरलेल्या फेजवर एकेक हलवले की २४६, २१२, १९२. एवढंच काम होतं. कागदावर मांडून दाखवलं तर सेक्रेटरी म्हणे, "आकडे नकोत, ठराव झालाय." पार्किंगमधलं चार्जिंग बंद.

आता तुमचं ग्रिड. रोज ४० किलोमीटर फिरणारी गाडी साधारण सहा युनिट खाते. दहा लाख गाड्या धरल्या तर ६० लाख युनिट, दिवसभरात पसरले की सरासरी २५० मेगावॅट. मे २०२४ मध्ये देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती, त्यापुढे हे काहीच नाही. मात्र दहाही लाख जणांनी संध्याकाळी घरी येऊन एकदम प्लग लावला तर सात हजार मेगावॅट. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० होतात, आणि तेव्हा सोलरही मावळलेलं असतं. म्हणून टायमर लावा, रात्री बारानंतर. ऑफिसात सोय असेल तर दुपारी, त्याहून उत्तम.

हो, हे घरच्या चार्जिंगपुरतं. बसडेपो आणि हायवेचे फास्ट चार्जर हे वेगळं प्रकरण, त्यांना स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि जुन्या वायरिंगच्या घरात साध्या प्लगवर रात्रभर गाडी लावू नका.

तुमच्याही सोसायटीत असाच ठराव झाला असेल, तर २०२४ च्या केंद्राच्या नियमदुरुस्तीप्रमाणे चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. मी अर्ज दिलाय. सेक्रेटरींच्या मुलाने दिवाळीत इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ती जिन्याखालच्या प्लगवर, कॉमन मीटरवर चार्ज होते. फेज मी तपासलाय. आर.